पाहुणी

मंडळी, बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. घरात पाहुणी होती. चार पायांची! नऊ आठवडे राहिली आणि तुळशीचं लग्न आटोपल्यावर स्वतःच्या घरी गेली. आता हात मोकळे आहेत म्हणून लिहायला बसले.

झालं असं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये भटक्या कुत्र्यांवरून केवढं वादळ उठलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला दिल्लीतले कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितले. मग २२ तारखेला त्यात बदल केला, की नसबंदी आणि लसीकरण करून जिथले तिथे सोडा, पिसाळलेले आणि चावरे तेवढे सोडू नका. आमच्या कोथरूडच्या सोसायटीतही लगेच दोन तट पडले. मी कुठल्याच तटात नव्हते. खरं सांगायचं तर मला कुत्र्यांची भीतीच वाटायची.

अनंत चतुर्दशी झाली आणि चार दिवसांनी शेजारची मुलगी दारात उभी. ही पोर नोकरी सांभाळून जखमी कुत्र्यांची शुश्रूषा करते. म्हणाली, "आजी, दोन आठवडे एक कुत्री ठेवाल? तुमच्याकडे शांत असतं."

दहा महिन्यांची गावठी कुत्री. कुणीतरी काठीने मारून पुढचा पाय मोडला होता. पाय जुळला, नसबंदी झाली, कानाला खाच पाडली, रेबीजची आणि इतर लसी झाल्या. पण दवाखान्यातल्या पिंजऱ्यात राहून घरात कसं वागायचं हे कुठून कळणार? आणि घरात वागता येत नाही तोवर कायमचं घर मिळणं कठीण. म्हणून मधल्या काळासाठी कुणीतरी सांभाळायचं, चार गोष्टी शिकवायच्या. याला फॉस्टर म्हणतात. म्हणजे आपली बालवाडीच की! मी हो म्हणून बसले. लेकीला अमेरिकेत फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तुला रस्त्यावरचं कुत्रं दिसलं तर तू फुटपाथ बदलतेस!"

पहिले तीन दिवस ती मोरीतून बाहेर आली नाही. शेजारणीने बजावलं होतं, हाक मारू नका, डोळ्यांत बघू नका, नुसत्या आसपास असा. मी मोरीच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायची. चौथ्या दिवशी पायाला काहीतरी ओलं लागलं. तिचं नाक! मी घाबरून पाय ओढला, तीही घाबरून पळाली. फिटंफाट.

नाव ठेवलं चिंगी. तिच्यामुळे स्वयंपाकघराचे नियम बदलले. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे यातलं काहीही कुत्र्याच्या पोटात जाता कामा नये. आता आपल्याकडे कांद्याशिवाय काय असतं हो? शेवटी तिचा दूधभात आधी काढायचा आणि मग फोडणी करायची, असं ठरलं. बेसनाचे लाडूही यंदा बेदाण्याविना झाले. शी-शूसाठी दर दोन तासांनी खाली न्यायचं, खाली केली की लगेच पनीरचा तुकडा. घरात झाली तर गुपचूप पुसायचं. ओरडायचं नाही, कारण ओरडलं तर कुत्रं एवढंच शिकतं की हिच्यासमोर करायची नाही. मग सोफ्यामागे जाऊन करतं.

हे ऐकताना मला पहिल्यांदा कसंतरी झालं.

दाराआड ह्यांची काठी असते. हे गेल्यापासून फिरायला जाताना मीच वापरते, गुडघे बोलतात ना. पाचव्या दिवशी मी ती सहज हातात घेतली आणि चिंगी जमिनीला चिकटली. शेपूट पोटात, कान मागे, आणि तिथेच तिला शू झाली. माझा हात तसाच राहिला.

पुढे लक्षात आलं, काठीच कशाला, फडताळातला डबा काढायला नुसता हात वर केला तरी ती डोळे मिटून घ्यायची.

आणि मला तो आठवला. पाचवीतला, दुसऱ्या बाकावरचा. ऱ्हस्वदीर्घ काही केल्या जमायचं नाही. एका चुकीला एक पट्टी हा माझा हिशोब, पट्टी लाकडी, एक फुटाची. पुढे पुढे मी फळा पुसायला हात वर केला तरी तो डोळे मिटायचा. मी ते पाहिलं होतं, मंडळी. पाहून मला वाटलं होतं, चला, धाक बसला! वर्गात तो बोलेनासा झाला, त्यालाही मी शिस्त समजले. शुद्धलेखन सुधारलं नाही ते नाहीच.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, त्यात मुलांना मारायला बंदी आली. मी त्याच वर्षी मेअखेर निवृत्त झाले. स्टाफरूममध्ये "आता मुलं डोक्यावर बसणार" म्हणणाऱ्यांत मीही होते.

असो. काठी माळ्यावर टाकता आली असती, पण मग पुढच्या घरी कुणी काठी किंवा छत्री घेतली की चिंगीचे तेच हाल. शेजारणीने उपाय सांगितला. काठी हॉलच्या दुसऱ्या टोकाला आडवी ठेवायची, आणि ती दिसत असेल तेव्हाच पनीर द्यायचं. काठी गेली की पनीर बंद. रोज वीतभर जवळ आणायची. चिंगीने जांभई दिली, जीभ ओठांवरून फिरवली, मान वळवली, की समजायचं, आज एवढं पुरे. कुत्र्याची जांभई झोपेचीच असते असं नाही, कधी ती "मला जमत नाहीये" असंही सांगते. वर्गातल्या जांभया आठवल्या मला!

बाराव्या दिवशी तिने काठीचा वास घेतला. एकोणिसाव्या दिवशी मी बसून काठी हातात धरली आणि ती माझ्या पायाशी "बस" म्हटल्यावर बसली. एकविसाव्या दिवशी आम्ही तिघी फिरायला गेलो. मी, चिंगी आणि काठी. दोन आठवड्यांचे नऊ कसे झाले ते तुमच्या लक्षात आलंच असेल. दिवाळीत फटाक्यांनी ती पुन्हा मोरीत गेली. तेव्हा मी खिडक्या बंद करून, रेडिओ मोठा लावून तिथेच खुर्ची टाकली.

मग एक कुटुंब आलं. नवरा-बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. मी सगळं पारखून घेतलं, गॅलरीला जाळी आहे का, सुट्टीत गावाला गेलात तर कोण बघेल. लेक फोनवर म्हणाली, "तूच का नाही ठेवत तिला?" मनात माझ्याही होतं. पण मी ७३ ची, आणि कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं. हिशोब मांडता येतो मला.

जाताना सुवाच्य अक्षरात एक कागद लिहून दिला. काय खाते, कशाला घाबरते, कोणते शब्द कळतात. शेवटी लिहिलं, "हात वर करण्याआधी तिला दिसेल असा करा." त्या मुलीने कागद मोठ्याने वाचला. 'दिसेल'ला अडखळली. मी थांबले. तिचं तिलाच जमलं.

तो पाचवीतला मुलगा आता पन्नाशीत असेल. कुठे आहे, ठाऊक नाही. भेटला तर काय म्हणायचं, ते मात्र मी ठरवून ठेवलं आहे.

काल शेजारची मुलगी पुन्हा आली होती. एक म्हातारा कुत्रा आहे म्हणे, एका डोळ्याने आंधळा. मोरी धुऊन ठेवली आहे.