लक्षद्वीपला जाण्यापूर्वी

लक्षद्वीपचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. जायचा विचार असेल तर आधी नकाशा पाहा. केरळच्या किनाऱ्यापासून सव्वादोनशे ते साडेचारशे किलोमीटर आत ३६ बेटं. वस्ती फक्त १० बेटांवर. सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत माणसं ६४,४७३, आणि त्यांत शंभरातले शहाण्णव मुसलमान. 'इथे हलाल मिळेल का?' ही आपली नेहमीची चौकशी तिथे करावी लागत नाही.

बाहेरच्यांना परवाना लागतो, तेव्हा ती तयारी लवकर सुरू करा. कोचीहून जहाजाने रात्रभराचा प्रवास, किंवा विमानाने अगत्ती. पावसाळा टाळावा. भाषा मल्याळम, मिनिकॉय बेटावर मात्र मालदीवची बोली. पाणी जपून वापरा, वजूलासुद्धा. बेटाखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की विहीर खारट होते.

पण मला तिथली घरं जास्त आठवतात. कवरत्तीत ज्या घरी आम्ही जेवलो, तिथल्या बाईंना मी मोडक्या हिंदीत विचारलं, "घर तुमच्या शौहरचं का?" त्या हसल्या. घर त्यांच्या अम्मीचं, आता त्यांचं, पुढे मुलीचं. जुन्या रिवाजाप्रमाणे मुलगी लग्न होऊन जात नाही, जावईच येतो. घराण्याची मिळकत आईकडून मुलीकडे चालत येते. मुलग्याला हयातभर तिचा उपभोग मिळतो, पण त्याच्या मुलांना ती जात नाही. ही 'शुक्रवारची मिळकत'. माणसाने स्वतः कमावलेली ती 'सोमवारची', तिची वाटणी शरीअतप्रमाणे. मानवशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी कल्पेनी बेटावरच्या या रीतीवर १९६९ साली पुस्तकच लिहिलं. आता हे सगळं सैल होत चाललंय, नवरा-बायको वेगळं घर बांधतात. उलेमांना ती शुक्रवारची मिळकत खटकते हेही खरं, आणि त्यांचा मुद्दा मला पटतो. वारशाचे हिस्से कुराणात ठरलेले आहेत.

मग आपल्याकडे त्या हिश्शांचं काय होतं? वालिद गेले की चाळिसावा होईतो तलाठ्याकडे फेऱ्या सुरू होतात, आणि बहिणींपुढे हक्कसोडपत्र येतं. सही केली तर ती चांगली बहीण. मुलाच्या निम्मा का होईना, ठरवून दिलेला तिचा हिस्सा असा गुपचूप जातो. त्यावर खुतब्यात एक शब्द मी अजून ऐकलेला नाही.

माझ्या थोरल्या आपाचा तसा कागद वर्षभर पडून आहे. परतल्यावर तिला फोनवर हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या बाईला माहेर तुटायची भीती नसेल गं. ती माहेरीच राहते."

सही अजून तिने केलेली नाही.