आगीची शीतपेटी

गतसालीं चिरंजीवांकडे अमेरिकेस गेलों असतां आम्ही चाकांवरील घरांतून युटाचें वाळवंट पाहावयास निघालों. उष्म्यानें निकामी होणारें सौभाग्यवतीचें इन्सुलिन त्यांतील प्रोपेन वायूच्या शीतपेटींत होतें. दुसऱ्या दिवशीं पेटी उघडून पाहतों तों दूध कोमट! आमच्या तोंडचें पाणी पळालें.

ह्या पेटीची युक्ति १९२२ सालीं प्लाटेन व मुंटर्स ह्या स्वीडनमधील दोन विद्यार्थ्यांनीं शोधून काढिली. ज्योतीच्या उष्णतेनें पाण्यांतील अमोनिया सुटतो, निवून द्रव बनतो, आणि हायड्रोजनमध्यें त्याची पुनः वाफ होतांना पेटी गार होते. नंतर तो पाण्यांत विरतो व तें पाणी निव्वळ उतारानें ज्योतीकडे परततें.

चिरंजीवांनीं ज्योत पाहिली. निळी व स्थिर होती. अमोनियाचा दर्पही नव्हता. पाणसळ ठेविली, तों गाडीच कललेली. म्हणून आंतलें पाणी तुंबलें होतें! सूर्यास्त दिसावा म्हणून ती उतरती जागा आम्हींच हट्टानें निवडिली होती.

चाकांखालीं फळ्या सारून गाडी समतल केली, आणि पेटी गार होईतों इन्सुलिन ओल्या फडक्यांत गुंडाळून सावलींत जपलें. सायंकाळीं पेटी निवाली. सौभाग्यवती कांहीं बोलली नाहीं. पण तेव्हांपासून मुक्कामावर आम्ही सूर्यास्ताआधीं पाणसळ पाहतों.