सांगतां येत नाहीं

मनुष्याला वाईट बातमी एक वेळ सोसते, पण अर्धवट बातमी सोसत नाहीं. नापास झालेला मुलगा चार दिवसांत सांवरतो. ज्याचा निकाल राखून ठेवलेला असतो त्याच्या घरीं मात्र कोणालाच अन्न गोड लागत नाहीं. आम्ही आज तीस वर्षें तर्कशास्त्र शिकवीत आहों. विधान सत्य असेल वा असत्य असेल, तिसरा पक्ष संभवत नाहीं, हा नियम फळ्यावर किती वेळां लिहिला असेल त्याची गणती नाहीं. तो तिसरा पक्ष मध्यंतरीं आमच्याच घरीं एका कागदावर छापून आला.

आमच्या तेरा वर्षांच्या पुतणीच्या गळ्याशीं एक गांठ दिसूं लागली. वेणी घालतांना ती प्रथम तिच्या आईच्या लक्षांत आली. गांठ थायरॉइड ग्रंथींतली निघाली. घाटकोपरलाच बारीक सुईनें तिच्यांतील पेशी काढून तपासल्या. अहवालाचें तात्पर्य एवढेंच, कीं पेशी सर्वस्वी नेहमीसारख्या नाहींत, पण त्याचा अर्थ निश्चित सांगतां येत नाहीं.

अमेरिकेंत बेथेस्डा येथें २००७ सालीं भरलेल्या परिषदेंतून अशा अहवालांचे सहा वर्ग ठरले. पहिल्यांत नमुनाच अपुरा, दुसऱ्यांत गांठ निरुपद्रवी, सहाव्यांत कर्करोग उघड. मधले तीन चढत्या संशयाचे. आमचा कागद तिसऱ्यांतला. या पद्धतीच्या २०२३ च्या आवृत्तींत मुलांचे आंकडे निराळे दिले आहेत. तिसऱ्या वर्गांत कर्करोग निघण्याचा संभव मोठ्यांत सरासरीनें शेंकडा २२, तर मुलांत २८. तेहि मुख्यतः ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांच्याच गणतीचे. ज्या गांठींवर नुसती नजर ठेवली त्या या हिशेबांत येत नाहींत.

“एवढीं यंत्रें आहेत, आणि होय कीं नाहीं एवढें सांगवत नाहीं?” आमचे बंधु चिडून म्हणाले. डॉक्टरांनीं शांतपणें समजाविलें, कीं कांहीं प्रकारांत साध्या गांठीच्या आणि कर्करोगाच्या पेशी दिसायला सारख्याच असतात. पेशी गांठीचें वेष्टन भेदून बाहेर पडल्या आहेत काय, रक्तवाहिनींत शिरल्या आहेत काय, यावर सारा निवाडा. आणि तें अख्खी गांठ काढून तपासल्यावांचून कळत नाहीं. मूठभर विटा पाहून भिंतीला तडा आहे कीं नाहीं हें कोणी सांगावें? ‘सांगतां येत नाहीं’ हेंहि एक ज्ञानच आहे, हें आम्हांस तेव्हां पटलें. शेजारच्या जैन गृहस्थांना तें सांगतांच ते हंसून म्हणाले, “आमच्या स्याद्वादांत ‘अवक्तव्य’ हा स्वतंत्र भंगच आहे, प्रोफेसरसाहेब!”

परंतु ज्ञानानें निर्णय होत नाहीं. आप्तांचे सल्ले सुरू झाले. कोणी काढा सुचविला, कोणी परळचें टाटा रुग्णालय. तें १९४१ सालीं उघडलें. पण त्याचें नांव आमच्याकडे अजून आवाज खालीं आणूनच घेतात. अमेरिकन थायरॉइड संघाच्या २०१५ च्या सूचनांचा कल मुलांच्या बाबतींत पुन्हा सुई टोंचण्यापेक्षां गांठीच्या बाजूची अर्धी ग्रंथि काढण्याकडे आहे. उलट बाजूस गळ्यावरचा व्रण, आवाजाच्या मज्जातंतूला धोका, कदाचित् जन्मभर रोजची गोळी. आणि खुद्द कर्करोग निघाला तरी या ग्रंथीच्या रोगांतून मुलें बहुधा उत्तम बरीं होतात, हाहि दिलासा होता.

चर्चा चालली असतां मुलगी दारांत उभी होती. “काका, काढून टाका ती गांठ. आई बोलतांना माझ्या तोंडाकडे बघत नाही, गळ्याकडे बघते.” एवढेंच ती बोलली.

शस्त्रक्रिया झाली. गांठ निरुपद्रवी निघाली. तेव्हांपासून “पोरीला उगाच कापलें” असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्याशीं आम्ही वाद घालीत नाहीं. पण आमचें मत असें, कीं निर्णयाची पारख निकालावरून करूं नये. निर्णय घेतला त्या दिवशीं काय ठाऊक होतें त्यावरून करावी. त्या दिवशीं आमच्यापाशीं एक अनिश्चित कागद होता आणि मुलीचें निश्चित मत होतें. गांठ कशीहि निघाली असती, तरी तेवढ्यावर आम्हीं हेंच केलें असतें.