तीन दगडांवरची कॉफी

गेल्या माघांत आमच्या घरचीं लहानथोर नऊ माणसें रेणुकेच्या दर्शनासाठीं माहूरला गेलीं, आणि परततांना एक रात्र सहस्रकुंडाजवळ, पैनगंगेच्या कांठीं, एका परिचितांच्या शेतांत तंबू ठोकून राहिलीं. तंबूची कल्पना माझ्या धाकट्या दिरांच्या मुलाची. त्याला रानांत मुक्काम करण्याचा मोठा छंद आणि कॉफीचाही तितकाच. बिया दळण्याचें हातयंत्र, कांचेचें फ्रेंच प्रेस, इवलासा तराजू, निमुळत्या नळीची किटली असा सारा सरंजाम त्यानें एका पिशवींत भरून आणला होता. भांड्यांची एकच पिशवी न्यावयाची असें ठरलें असतां ही दुसरी पिशवी पाहून थोरल्या जाऊबाईंनीं भुवया उंचावल्या, परंतु बोलल्या कांहींच नाहींत. पहांटे तें कांचेचें भांडें त्याच्या हातून निसटलें आणि नदीकांठच्या काळ्या खडकावर पडून त्याच्या ठिकऱ्या झाल्या. मुलगा इतका हिरमुसला कीं, आतां नांदेडला पोंचेपर्यंत कॉफी नाहीं, असें त्यानें जाहीरच करून टाकलें.

मीं पातेलें मागितलें.

शेतकऱ्यानें आदल्या सायंकाळीं तुराट्यांचा एक भारा आणून टाकला होता. तुराटी भर्रकन् पेटते, लखलखीत जाळ देते आणि तितक्याच लौकर विझते. तिच्यावर भाकरी भाजणारीला क्षणभर दुसरीकडे पाहण्याची सोय नाहीं. परंतु पाण्याला आधण आणण्यापुरतें तिच्यासारखें सरपण दुसरें नाहीं. टिकाऊ निखारा हवा असेल तर बाभळीचें लांकूड घ्यावें. कॉफीला निखारा लागतच नाहीं, कारण ती उकळावयाची नसते. येथेंच आपल्या बहुतेक घरांतून चूक होते. आपण कॉफीही चहासारखीच करतों: पाणी, साखर, पूड, दूध सारें एकत्र, आणि वर येईपर्यंत जाळ. मग ती कडवट झाली म्हणून आणखी साखर, आणि वास उरला नाहीं म्हणून जायफळ! जायफळाशीं माझें वैर नाहीं. कोजागरीच्या रात्रीं तें मलाही आवडतें. परंतु कॉफीचा दोष झांकण्यासाठीं तें घालावें, हें कांहीं मला पटत नाहीं.

तीन दगड मांडून पातेलें चढविलें आणि पाण्याला धूर लागूं नये म्हणून झांकण ठेविलें. माणशीं एक पेला पाणी, आणि पेल्याला एक शीगभर मोठा चमचा पूड, हें माझें माप. पुतण्यानें आपल्या तराजूवर तें तोलून पाहिलें, तों लिटरास साठ ग्रॅमच्या आसपास भरलें. त्याच्या पुस्तकांतही म्हणे हेंच प्रमाण आहे! पूड मात्र जाड हवी, जाड्या रव्याएवढी. बाजारची बारीक पूड खालीं बसत नाहीं, पेल्यांत गढूळपणा आणते आणि जिभेवर चिकटते. चिकोरी असेल तर तो गढूळपणा आणखी वाढतो. सुदैवानें हातयंत्र शाबूत होतें.

पाण्याला खळखळून आधण आलें तसें पातेलें उतरवून खालीं ठेविलें. खळखळ शमेपर्यंत थांबावें. मनांत तीस आंकडे मोजले म्हणजे पुरे. मग पूड वरून पसरावी, चमच्यानें एकदांच ढवळावें आणि झांकण घालून चार मिनिटें त्याकडे पाहूंही नये. ताज्या भाजलेल्या बियांच्या पुडींत वायु कोंडलेला असतो. त्यामुळें ती आरंभीं फुगून सायीसारखी वर तरंगते. चार मिनिटांनीं त्या सायीवर गार पाण्याचे दोनचार शिंतोडे मारावे. साय मोडते, वायु निघून जातो आणि चोथा हळूहळू तळाशीं जातो. नॉर्वे-स्वीडनकडे अशीच पातेल्यांतली कॉफी करण्याची जुनी चाल आहे, आणि तिच्यासाठीं तेथें मुद्दाम जाड दळलेली पूड विकत मिळते. अमेरिकेंत जाऊन राहिलेले स्वीडिश लोक तर चोथा बसावा म्हणून पुडींत अंडें कालवितात, असें पुतण्यानें सांगितलें. तें ऐकून जाऊबाई चुलीपासून दोन हात मागें सरकल्या.

आणखी एक मिनिट थांबून वरवरची निवळ पेल्यांत ओतली. तळचें दोन बोटें पाणी तसेंच राहूं दिलें. त्याचा लोभ धरला कीं सारें बिघडतें. दूध वेगळें तापवून ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणें घातलें.

"काकू, हें तुम्हांला कुणीं शिकविलें?" मुलानें विचारलें.

त्याच्या आजीनें शिकविलें. माझें माहेर नांदेडचें, आणि तेथें घरांत चहाखेरीज दुसरें पेय नव्हतें. लातूरला सासरीं आलें तेव्हां सासूबाईंचा पितळी फिल्टर मीं प्रथम पाहिला. त्यांचें बालपण मामांच्या घरीं धारवाडास गेलें होतें, आणि तेथून ही संवय त्यांनीं बरोबर आणली होती. कॉफीच्या बियांना त्या बुंद म्हणत. स्वतः भाजीत, स्वतः दळीत. फिल्टरला आम्हां सुनांपैकीं कुणीं हात लावलेला त्यांना खपत नसे.

१९९३ सालच्या २९ सप्टेंबरला गणपतीचें विसर्जन झालें. गांवोगांवचीं माणसें दमून निजलीं होतीं. ३० तारखेच्या पहांटे, चार वाजावयास चार मिनिटें असतां, धरणी हादरली. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालचीं खेडीं बसलीं. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाची जड माती, अशीं तीं घरें. वैशाखांत ज्या छपराखालीं गारवा लाभे, तेंच निजलेल्या माणसांच्या अंगावर आलें. लातूर शहर तेथून चाळीसएक किलोमीटर. आमचें घर उभें राहिलें. माजघराच्या भिंतीला मात्र वरपासून खालपर्यंत भेग गेली. मामंजींनीं सगळ्यांना बाहेर काढलें, आणि आपल्या परवानगीवांचून कुणीं आंत पाऊल टाकावयाचें नाहीं असें बजावलें. घरासमोरच्या मोकळ्या जागेंत ताडपत्री बांधून आम्ही चौदा माणसें राहूं लागलों. वर पाऊस, आणि मधून मधून जमिनीला पुन्हां कंप.

सासूबाईंचें माहेर किल्लारीकडचें. त्यांचे थोरले बंधु आणि वहिनी तेथेंच राहत असत. माझे यजमान आणि मोठे भावोजी तिकडे गेले आणि दुसऱ्या दिवशीं परतले. त्यांनीं तेथें काय पाहिलें, तें मीं आजवर विचारलेलें नाहीं. सासूबाई रडल्या नाहींत. सतरंजीच्या एका कोंपऱ्यावर बसून राहिल्या. दोन दिवस त्यांनीं पाण्याच्या घोटापलीकडे कांहीं घेतलें नाहीं आणि एक शब्दही उच्चारला नाहीं. मामंजी स्वतः जवळ जाऊन बसले, तरी नाहीं.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं जाऊबाई मामंजींची नजर चुकवून स्वयंपाकघरांत शिरल्या आणि हातीं लागलें तें घेऊन धांवत बाहेर आल्या: एक पातेलें, साखरेचा डबा आणि कॉफीचा डबा. फिल्टर वरच्या फळीवर राहिला. सरपण भिजलेलें होतें. शेजाऱ्यांनीं आपला वातींचा स्टोव्ह दिला. मला जशी येत होती तशी मीं कॉफी केली, म्हणजे सगळें एकत्र घालून खळाखळा उकळली, आणि पेला त्यांच्या हातांत दिला. त्यांनीं एक घोट घेतला, पेला खालीं ठेविला आणि म्हणाल्या,

"हा काढा कुणीं केला?"

जाऊबाईंना एकदम रडें कोसळलें. मामंजींनीं तोंड फिरविलें. मी तशीच उभी राहिलें. सासूबाई म्हणाल्या, "पातेलें धुऊन आण. पाणी ठेव, नुसतें पाणी." मग बसल्या जागेवरून, आवाज न चढवितां, वर लिहिलें तें सारें त्यांनीं एकेक करून माझ्याकडून करविलें. मी घाईनें झांकण उघडूं गेलें तेव्हां माझ्या हातावर हलकेंच चापट मारली. शिंतोडे मात्र त्यांनीं स्वतः मारले.

ती कॉफी त्यांनीं पेलाभर घेतली. पेला रिकामा झाल्यावर कांहीं वेळानें म्हणाल्या, "दादाला दोन चमचे साखर लागायची." आणि मग रडल्या. त्या दिवशीं दुपारपर्यंत रडल्या.

दिवाळी आम्हीं त्या ताडपत्रीखालींच केली. रोज पहांटे तेंच पातेलें आणि त्याच रीतीची कॉफी. पुढें भिंतीची डागडुजी झाली, फिल्टर फळीवरून खालीं आला आणि सासूबाईंच्या हातीं गेला. पातेल्याची गोष्ट त्यांनीं पुन्हां कधीं काढली नाहीं, आणि मींही काढली नाहीं. आज त्या नाहींत. फिल्टर आहे, त्याच्या खालच्या भांड्याला पोंचा आला आहे.

पुतण्याचा जन्म भूकंपानंतरचा. त्याला किल्लारी म्हणजे शाळेंतला एक धडा. जाऊबाईंनीं त्याला हें सांगितलें, मीं नव्हे. माझें लक्ष चुलीकडे होतें. तो बराच वेळ गप्प होता. मग फुटलेल्या कांचा एकेक वेंचून त्यानें कागदांत गुंडाळल्या आणि पिशवींत ठेविल्या. मी पातेलें घासावयास नदीवर निघालें, तों जाऊबाई म्हणाल्या,

"थांब, अजून तुराट्या आहेत. आणखी एक आधण ठेवूं."