दोन उड्या, एक पाऊल

१९८० सालच्या उन्हाळ्यात कॅनडाच्या लांबच लांब रस्त्यांवरून एक कुरळ्या केसांचा तरुण रोज धावताना दिसे. त्याच्या धावण्याची लय मात्र निराळीच होती. डाव्या पायावर तो लागोपाठ दोन उड्या घेई आणि मग उजवे पाऊल टाकी. ती दुसरी उडी हौसेची नव्हती. त्याचा उजवा पाय कृत्रिम होता. त्याचा यांत्रिक गुडघा एकदा वाकला म्हणजे पुन्हा सरळ होऊन पुढे येण्यास क्षणभर विलंब लागे. तेवढा वेळ डाव्या पायास सारा भार सांभाळावा लागे.

हा तरुण म्हणजे टेरी फॉक्स. मार्च १९७७ मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, त्याच्या गुडघ्याजवळ हाडाचा कर्करोग आढळला व पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलावर याहून मोठा आघात तो कोणता? परंतु रुग्णालयात औषधोपचार घेताना त्याने आपल्याहून लहान मुलांच्या यातना पाहिल्या. घरी परतल्यावरही ती मुले त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. संशोधनास पैसा हवा, आणि त्यासाठी सारा देश पायांखाली घालावयाचा, असे त्याने ठरविले.

१२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्स येथे त्याने कृत्रिम पाय अटलांटिक महासागरात बुडविला. पॅसिफिकमध्येही तो तसाच बुडवावयाचा होता. रोज सुमारे ४२ किलोमीटर! कापलेल्या पायाची कातडी सोलवटे, रक्त येई. १४३ दिवसांत त्याने ५,३७३ किलोमीटर अंतर तोडले. १ सप्टेंबर रोजी थंडर बे शहराजवळ तो थांबला. रोग फुप्फुसांत पोहोचला होता. देशातील प्रत्येक माणसामागे एक डॉलर मिळावा, ही त्याची इच्छा फेब्रुवारी १९८१ मध्ये पुरी झाली. निधी २ कोटी ४० लाख डॉलरांवर गेला. २८ जून रोजी टेरीने देह ठेवला.

आज अशा रोग्यांपैकी बहुतेकांचा पाय वाचतो. आधी औषधांनी रोग आवरतात. मग रोगट हाड गुडघ्यासकट काढून तेथे धातूचा सांधा बसवितात. त्याच्या दांड्या मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या पोकळीत रोवलेल्या असतात. वाढत्या वयाच्या मुलांसाठी तर लांब होणारे सांधेही निघाले आहेत. बाहेरून चुंबकाची शक्ती लाविली, की आतील दांडा किंचित पुढे सरकतो; पुन्हा कापाकापी नको. टेरीसारखे धावणे मात्र या गुडघ्यास मानवत नाही. चालावे, पोहावे, सायकल चालवावी.