कुंडी म्हणजे काय?

मुलांनो, झाड फुकट मिळतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? शेजारच्या काकूंच्या दारात जास्वंद असेल, तर एक फांदी मागून बघा. पावसाळ्याच्या दिवसांत फांदी द्यायला सहसा कुणी नाही म्हणत नाही. पेन्सिलीएवढी जाड आणि वीतभर लांब फांदी घ्या. खालची पानं काढा, शेंड्याची दोन-तीन ठेवा आणि फांदी पाण्याच्या बाटलीत उभी करा. दर दोन दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डासांचं फावेल! पुदिन्याला आठवडाभरात मुळं फुटतात, तुळशीला थोडे जास्त दिवस लागतात, जास्वंद मात्र तीन-चार आठवडे वाट पाहायला लावते. पांढरी, दोऱ्यासारखी मुळं बोटाच्या दोन पेरांएवढी झाली, की रोप मातीत जायला तयार.

आणि इथंच गाडी अडते. फांदी फुकट, पाणी फुकट, माती फुकट. पण कुंडी?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. यंदा पावसाळ्यात आमच्या वर्गाच्या खिडकीत ४१ बाटल्या होत्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. सकाळी प्रार्थना संपली, की आधी सगळी फौज खिडकीकडे! मुळं दिसू लागली तशी मी बाजारात चौकशी केली. चार इंची प्लास्टिकची कुंडी १२ रुपयांना होती. करा बरं हिशेब! ४१ कुंड्यांचे झाले ४९२ रुपये.

वर्गात कुंड्यांचा विषय निघाला. कुणी म्हणालं, "बाई, माझे पप्पा चिनी मातीची आणतील." कुणाच्या घरी सिमेंटची होती. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्यानं आपली बाटली शेजारच्या मुलापुढे ठेवली आणि हळूच म्हणाला, "हे तू लाव. आमच्याकडे कुंडी नाही." तीन आठवडे त्यानं त्या जास्वंदीचं पाणी न चुकता बदललं होतं.

मी त्याला बाटली परत खिडकीत ठेवायला सांगितली. ४९२ रुपये मला भरता आले असते. पण मग पुढच्या वर्षी काय? आणि एखाद्या मुलाला घरी दुसरं रोप लावावंसं वाटलं, तर? म्हणून मी फळ्यावर प्रश्न लिहिला : 'कुंडी म्हणजे काय?' आणि एक नियम सांगितला. एक पैसाही खर्च करायचा नाही, आणि कुंड्या सगळ्या वर्गाच्या मिळून.

मुलांनी डोकं चालवलं आणि चार उत्तरं निघाली.

पहिलं, कुंडीला खाली भोक हवं. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. पाणी तुंबलं तर हवा मिळत नाही आणि मुळं कुजतात.

दुसरं, कुंडी रोपाच्या मापाची हवी. "मोठ्या कुंडीत झाड लवकर मोठं होईल ना?" असं एकीनं विचारलं. तसं होत नाही बरं का! बाळाला आजोबांचा सदरा घातला, तर बाळ मोठं होतं का? चिमुकली मुळं मोठ्या कुंडीतलं सगळं पाणी शोषू शकत नाहीत. माती ओलीच राहते आणि पुन्हा तेच, मुळं कुजतात. नुकत्या मुळं फुटलेल्या फांदीला तीन-चार इंचांची कुंडी पुरते.

तिसरं, भिंतींतून उजेड आत जायला नको. मुळं उजेडापासून दूर पळतात आणि पारदर्शक भांड्यात हिरवं शेवाळ धरतं.

चौथं, रोप मोठं झालं, की मुळं न दुखावता त्याला बाहेर काढता यायला हवं.

बस्स, एवढंच! रंग, नक्षी, चकाकी यांतलं रोपाला काही लागत नाही. इटलीतलं पॉम्पेई हे शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथल्या बागांच्या उत्खननात काय सापडलं, माहीत आहे? भोकं पाडलेली मातीची साधी मडकी! जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या माळ्यांनीही भोकाचा विचार आधी केला होता.

मग सुरू झाला शोध. आणि सर्वांत मोठी पिशवी कुणी आणली? त्याच मागच्या बाकावरच्या मुलानं! त्याची आई एका खानावळीत स्वयंपाक करते. तिथं रोज दुधाच्या पिशव्या आणि नारळाच्या करवंट्या निघतात. त्यानं त्या गोळा केल्या, धुतल्या आणि वर्गासमोर ओतल्या. अर्ध्या वर्गाची सोय एका फटक्यात झाली.

करवंटीची गंमत सांगते. नारळाला तीन डोळे असतात. त्यांतला एक मऊ असतो, त्यातूनच नारळाचा कोंब बाहेर येतो. डोळ्यांकडची अर्धी करवंटी घेऊन तो डोळा टोकरला, की भोक तयार! दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी वरून पूर्ण उघडायची, साबणानं धुवायची आणि तळाशी दाभणानं पाच-सहा भोकं पाडायची. पाण्याची बाटली अर्ध्यावर कापली, तर तिला जुन्या कापडाचा सदरा घालायचा, म्हणजे उजेड आत जात नाही. कापण्याचं आणि टोचण्याचं काम मात्र मोठ्यांनीच करायचं हं! काही मुलांनी पेल्याभोवती वर्तमानपत्र गुंडाळून, बूड दुमडून कागदी कुंड्या केल्या.

माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारखं घेऊन आम्ही मिश्रण केलं. पाण्यात वाढलेली मुळं नाजूक असतात, त्यांना मातीची सवय नसते. म्हणून लावल्यावर आठ-दहा दिवस रोपं व्हरांड्यात, सावलीत ठेवली.

सगळं काही छान झालं असं नाही. ४१ पैकी ३४ रोपं जगली. करवंटीत माती थोडीच मावते, ती लवकर सुकते. ऊन पडलं, की दोनदा पाणी घालावं लागलं. कागदी कुंड्या ओल्या झाल्यावर उचलता येईनात. ती रोपं आम्ही कागदासकट कुंपणाशी लावली, कागद मातीत विरघळतो. सर्वांत कामाची ठरली ती दुधाची पिशवी. ज्यांची रोपं गेली, त्यांनी लगेच नवी फांदी पाण्यात ठेवली. कुंड्या होत्याच की शिल्लक!

पालकांनो, दोन शब्द तुमच्यासाठी. मुलाला रोपं जास्त करायची असतील, तर रोपवाटिकेच्या सामानाच्या दुकानात काळ्या पिशव्या किलोवर मिळतात. चार घरांनी मिळून घेतल्या, तर एक पिशवी फारच थोड्या पैशांत पडते. ओळखीच्या रोपवाटिकेत जुन्या कुंड्याही विचारा. झाडं मोठ्या कुंडीत हलवल्यावर लहान कुंड्या कोपऱ्यात पडून असतात. आणल्यावर जुनी माती काढा, साबणाच्या गरम पाण्यानं घासा आणि उन्हात खडखडीत वाळवा, म्हणजे आधीच्या झाडाचा रोग नव्या रोपाला लागत नाही. पेले मुद्दाम विकत आणू नका. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पेल्यांवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे. घरात जे आपोआप येतं, तेच वापरा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी एक काम. आज घरातली कचऱ्याची बादली रिकामी करण्याआधी तिच्यात डोकावून पाहा. भोक पाडता येईल, माप बरोबर असेल, उजेड आत जाणार नाही आणि रोप बाहेर काढता येईल, असं काय काय दिसतं? यादी करा. तुमच्या वर्गात कुणी कुंडीवाचून अडून बसलं असेल, तर एक कुंडी त्याच्यासाठीही काढून ठेवा. फांदी मागायला मग दोघं मिळून जा!