पत्त्यातली रेघ

वर्तकनगरचा पिन कोड ४००६०६. डोंबिवली पूर्वेचा ४२१२०१. दोन्ही ठाणे जिल्ह्यात, दोन्हीकडची माणसं मध्य रेल्वेच्या त्याच गर्दीत उभी. तरीही पोस्टाच्या हिशेबात आम्ही ठाणेकर ४०० म्हणजे मुंबईच्या पोत्यात आणि कल्याण-डोंबिवलीकर ४२१ च्या वेगळ्या पोत्यात. जिल्ह्याच्या नकाशाशी हे जुळत नाही म्हणून कुणी हरकत घेतली, तर मला त्याला मनापासून सांगावंसं वाटतं की पिन कोड तुम्ही कुठले हे सांगण्यासाठी नाहीच. टपाल कुठल्या वाटेने जायचं, एवढंच तो सांगतो.

ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकरांनी बसवली. कोकणात जन्मलेला, संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारा हा माणूस टपाल खात्यात वरिष्ठ अधिकारी होता आणि १५ ऑगस्ट १९७२ ला त्यांची सहा आकड्यांची योजना देशभर लागू झाली. चेन्नईच्या सॉर्टिंगमध्ये बसलेल्या माणसाला वर्तकनगर कुठे आहे, साईबाबा मंदिराच्या कुठल्या बाजूला आहे, हे ठाऊक असण्याची काही गरज नाही. त्याने ४०० पाहावं आणि पत्र मुंबईच्या पोत्यात टाकावं. पुढचे ६०६ वाचायचं काम इकडच्यांचं. लांबच्या माणसाला थोडं कळलं तरी चालतं, जवळच्याला सगळं कळावं लागतं.

मी वर्तकनगरात राहते आणि वागळे इस्टेट, पोखरण रोड, घोडबंदर रोड या पट्ट्यातल्या कारखान्यांची, दवाखान्यांची, शाळांची नेटवर्क उभी करते. हाताखाली शिकायला येणाऱ्या मुलांना आयपी पत्ता समजावताना मी आधी वेलणकरांपाशी जाते, कारण इंटरनेटही याच शहाणपणावर चालतं. पत्त्याचे दोन भाग असतात. पुढचा भाग जाळ्याचा, मागचा भाग त्या जाळ्यातल्या यंत्राचा. वाटेतले राउटर फक्त पुढचा भाग वाचतात.

फरक एकच आहे, आणि या कामातली सगळी अवघड जागा त्या एका फरकात आहे. पिन कोडमध्ये रेघ ठरलेली असते: तीन आकडे सॉर्टिंगचे, तीन पोस्ट ऑफिसचे. आयपी पत्त्यात ती कुठेही असू शकते. १०.४४.१७.७७ हा पत्ता नुसता पाहून जाळं कुठे संपलं आणि यंत्र कुठे सुरू झालं, हे कुणालाही सांगता येणार नाही, मला तर नाहीच. ते सबनेट मास्क सांगतो. म्हणून मास्क न लिहिता नुसता पत्ता लिहून आणलेला कागद मी परत करते.

सुरुवातीला इथेही रेघ ठरलेली होती. सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९१ या दस्तऐवजात ३२ बिटांचा पत्ता आला, त्यात तीन मापं होती. रेघ आठव्या बिटानंतर, सोळाव्यानंतर किंवा चोविसाव्यानंतर. सगळ्यात मोठ्या मापात १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते. अमेरिकेतल्या एमआयटी या एका संस्थेकडे १८ ने सुरू होणारे सगळे पत्ते होते. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती, म्हणजे अशी नऊ ठाणी मावतील एवढे पत्ते एका विद्यापीठाला. सगळ्यात लहान मापात वापरता येण्याजोगे २५४. ज्याला तीनशे हवेत त्याला थेट ६५ हजारांचं मधलं माप घ्यावं लागे. १९८५ च्या ऑगस्टमध्ये मोगल आणि पोस्टेल यांनी आरएफसी ९५० लिहून मिळालेलं जाळं आतल्या आत तोडायची रीतसर पद्धत दिली, आणि १९९३ मध्ये मापंच गेली. रेघ कुठल्याही बिटावर ओढा आणि पत्त्यापुढे तिरकी रेष मारून तो बिट कितवा ते लिहा, /२६, /२७ असं. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने मुंबईसह मोठ्या शहरांत सामान्य माणसाला इंटरनेट खुलं केलं तोवर मोठमोठे तुकडे वाटून झाले होते. आपण उशिरा आलो, आणि त्याचा हिशेब अजून चुकता होतो आहे. त्यावर पुढे येते.

मुलांकडून मी हे गणित हाताने करून घेते. मोबाईलवर कॅल्क्युलेटर आहे, पत्ता टाकला की उत्तर येतं, हे मला ठाऊक आहे. तरी हाताने. वहीत वर ओळ लिहायची: १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आता मघाच्या पत्त्यातला शेवटचा ७७ म्हणजे काय? ६४ अधिक ८ अधिक ४ अधिक १, म्हणून ०१००११०१. /२६ चा मास्क शेवटच्या आकड्यात १९२, म्हणजे ११००००००. एकाखाली एक मांडायचे. जिथे खाली १ तिथे वरचा बिट उतरवायचा, जिथे ० तिथे शून्य. उरलं ०१००००००, म्हणजे ६४. ७७ क्रमांकाचं यंत्र ६४ पासून सुरू होणाऱ्या जाळ्यात आहे आणि ते जाळं १२७ ला संपतं. पहिला क्रमांक जाळ्याच्या नावाचा, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायचा. मधले ६५ ते १२६, हे ६२ पत्ते वापरायचे. पाच-सहा दिवस असं केलं की मुलांना वहीची गरज उरत नाही. ६४ च्या पायऱ्या, ३२ च्या पायऱ्या, १६ च्या पायऱ्या डोळ्यांपुढे दिसायला लागतात. कॅल्क्युलेटर उत्तर देतो. पायऱ्या मात्र स्वतः चढून गेल्यावरच दिसतात, आणि बिघाड शोधताना त्याच लागतात.

मुलांना खूप उशिरा कळणारी एक गोष्ट मी आता पहिल्याच दिवशी सांगते. ही रेघ फक्त राउटरमध्ये ओढलेली नसते. ती प्रत्येक यंत्रात वेगळी ओढलेली असते. प्रत्येक संगणक, प्रिंटर, कॅमेरा काहीही पाठवण्याआधी स्वतःचा मास्क लावून एकच प्रश्न विचारतो: समोरचा माझ्या जाळ्यातला की बाहेरचा? आतला असेल तर तो जाळ्यात ओरडून विचारतो, अमुक पत्ता कुणाचा? बाहेरचा असेल तर निमूट गेटवेच्या, म्हणजे जाळ्याच्या दारातल्या राउटरच्या हवाली करतो. म्हणजे एका जाळ्यातल्या सगळ्यांची रेघ एकाच ठिकाणी असायला हवी. एकाची सरकली की काय होतं, ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी फार जवळून पाहिलं.

त्या कारखान्याला पुण्याच्या मुख्य कार्यालयाने एक अख्खा /२४ दिला होता, १०.४४.१७.०. त्याची वाटणी अशी होती: ऑफिसला ० ते १२७, शॉपफ्लोअरला १२८ ते १९१, कॅमेऱ्यांना १९२ ते २२३. डिस्पॅचमध्ये नवा लेबल प्रिंटर बसला, पत्ता १५०. आणि पुण्याहून धाडलेली लेबलं धडाधड निघत होती, शॉपफ्लोअरवरूनही निघत होती, फक्त काचेपलीकडच्या ऑफिसमधून एक निघेना. डिस्पॅचच्या दादांनी केबल दोनदा बदलली होती. मला म्हणाले, "मॅडम, पुण्याहून येतं आणि या टेबलावरून येत नाही, म्हणजे ह्या टेबलाचीच लाईन गेली असणार."

लाईन ठणठणीत होती. ऑफिसच्या संगणकावरून प्रिंटरला पिंग केलं तर 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. हे शब्द नीट वाचायला हवेत. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं आपल्याच पत्त्यावरून आलं असतं, तर इथूनच जाता येत नाही असा अर्थ झाला असता. टाइम्ड आउट म्हणजे निरोप कदाचित पोचला, पण उत्तर आलं नाही. मी प्रिंटरपाशी गेले आणि त्याच्या छोट्या पडद्यावर मेनू उघडला. मास्क २५५.२५५.२५५.०. व्हायला हवा होता २५५.२५५.२५५.१९२.

त्या एका आकड्याने काय केलं, ते पाहा. ऑफिसमधल्या ४० क्रमांकाच्या संगणकाचा मास्क बरोबर होता. त्याला १५० बाहेरचा वाटला, त्याने निरोप गेटवेला दिला, गेटवेने प्रिंटरला पोचवला. आता उत्तर द्यायची पाळी प्रिंटरची. त्याच्या लेखी १०.४४.१७ ने सुरू होणारे सगळे आपलेच. मग गेटवेकडे कशाला जायचं? त्याने आपल्या जाळ्यात विचारलं, ४० कोण? ४० राउटरच्या पलीकडे होता आणि अशा हाका राउटर ओलांडत नाहीत. शॉपफ्लोअरवरचे शेजारी खरोखरच त्याच जाळ्यातले, त्यांना उत्तर मिळे. पुण्याचा सर्व्हर १०.१ ने सुरू होणारा, तो प्रिंटरच्या चुकीच्या मास्कलाही बाहेरचाच वाटे, म्हणून त्याचं उत्तर गेटवेमार्गे सुखरूप जाई. अडकले ते फक्त मधले, जे प्रिंटरला आपले वाटत होते आणि नव्हते. काही राउटर अशा वेळी स्वतः मध्ये पडून दुसऱ्याच्या वतीने ओ देतात आणि चूक झाकली जाते. या राउटरवर ती सोय बंद केलेली होती, ते बरंच झालं. झाकलेली चूक पुढे जास्त महागात पडते.

शून्य काढून १९२ टाकलं. दादांनी ऑफिसमधून लेबल काढलं, मग परत एक काढलं. त्यांना मी वहीत रेघ मारून दाखवली आणि त्यांनी ती दोन मिनिटांत समजून घेतली. हे गणित अवघड आहे, हा समज मला मुळीच मान्य नाही. ते घाईने शिकवलं जातं, इतकंच.

त्याच कारखान्याच्या वाटणीबद्दल आणखी थोडं लिहिते. ऑफिसला ऐंशी पत्ते हवे होते, शॉपफ्लोअरला चाळीस, कॅमेऱ्यांना चोवीस. मोठा तुकडा आधी ठेवायचा. १२८ चा तुकडा ० पासून किंवा १२८ पासूनच सुरू होऊ शकतो, मध्येच ५० पासून नाही, कारण बिट तसे तुटतच नाहीत. कुणी उत्साहाने कॅमेऱ्यांना पहिले बत्तीस देऊन टाकले असते, तर ऑफिसला १२८ वर जावं लागलं असतं आणि खालचा अर्धा भाग तुकड्या-तुकड्यांनी उरला असता. मोठ्यापासून लहानाकडे आलं की शेवटी २२४ ते २५५ हे बत्तीस सलग रिकामे राहिले, आणि पुढे हजेरीची यंत्रं आणि दरवाज्यांची कुलुपं आली तेव्हा त्यातले सोळा-सोळा त्यांना मिळाले. आणि पुण्याच्या राउटरमध्ये आमच्यासाठी आजही एकच ओळ आहे: १०.४४.१७.०/२४, ठाण्याकडे. आत आम्ही पाच तुकडे केलेत, याची त्याला गंधवार्ताही नाही. चेन्नईच्या सॉर्टिंगला ६०६ ची नसते तशीच.

पण बारीक तुकडे पाडणं म्हणजे हुशारी, असं नव्या मुलांना वाटतं, तेव्हा मी त्यांना थांबवते. वर्तकनगरमधल्या म्हाडाच्या जुन्या चारमजली इमारतींच्या जागी आता टॉवर उभे राहतायत. तिथे कॅमेरे, इंटरकॉम, लिफ्ट, गेटवरचा बूम बॅरियर, सगळं एकाच तारेवर चालतं. तिथे सरळ १० च्या खासगी पत्त्यांतून प्रत्येकाला एकेक पूर्ण /२४ द्यावा: कॅमेरे १०.०.२०, इंटरकॉम १०.०.३०. पत्ते फुकट आहेत, आणि रात्री अकराला आलेल्या अनोळखी तंत्रज्ञाला तिसरा आकडा पाहून सगळं कळतं. टंचाई नसेल तिथे काटकसर करू नये. करायची ती विभागणी मात्र कराच. पाहुण्यांच्या वायफायवरून कुणाला लॉबीतल्या कॅमेऱ्यापर्यंत हात घालता येऊ नये, ही रेघ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

खरी टंचाई बाहेरच्या पत्त्यांची. सगळे मिळून ४२९ कोटी, आणि जगाच्या मुख्य कोठारातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. आशिया-पॅसिफिकसाठीचा साठा त्याच एप्रिलमध्ये तळाला लागला. म्हणून आज पुष्कळ घरांत येणारं ब्रॉडबँड १००.६४ च्या आसपासचा पत्ता देतं. २०१२ मध्ये ही पत्त्यांची पट्टी इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवली गेली. एका खऱ्या पत्त्यामागे कितीतरी घरं असतात. सोसायटीचे सेक्रेटरी काका विचारतात, गावाला गेल्यावर फोनवर कॅमेरे थेट का दिसत नाहीत, आणि स्थिर पत्त्याला वेगळे पैसे का? मी त्यांना हेच सांगते, की बाहेरून येणाऱ्याला तुमच्या दारापर्यंतचा पत्ताच नाही. आणि पैसे लागतात ते तारेचे नव्हेत, त्या दुर्मीळ आकड्याचे.

यावरचा उपाय आपल्याकडे इतर अनेक देशांच्या आधी रुजला आहे, आणि याचा मला अभिमान वाटतो. २०१६ मध्ये जिओ आली तीच आयपीव्ही६ घेऊन, आणि आज हा नवा पत्ता वापरणाऱ्यांत भारत जगात अगदी पुढे आहे. १२८ बिट. एका जाळ्याला नेहमीचा /६४ दिला, तर त्यात १८ वर अठरा शून्यं एवढे पत्ते. इथे यंत्रं मोजण्यात अर्थच उरत नाही. /५६ मिळाला की २५६ जाळी हातात येतात, आणि कागदावर ठरवायचं उरतं ते एवढंच, की कोणाला कोणापासून वेगळं ठेवायचं. त्या कारखान्यासाठी सध्या मी हीच मांडणी करते आहे. ऑफिस १०, शॉपफ्लोअर २०, कॅमेरे ३०, हजेरी ४०, कुलुपं ५०, आणि मध्ये सगळीकडे जागा सोडलेली. मुलांनी विचारलं, आता ती १२८, ६४, ३२ ची ओळ कशाला पाठ करायची? जुने पत्ते अजून कितीतरी वर्षं नव्यांच्या सोबतीने चालणार आहेत, आणि प्रिंटरचा तो मेनू अजूनही मास्कच विचारतो. त्यांनी वह्या काढल्या. आज १०.४४.१७.२३०, /२८.